ओठातला गळ

माझी थोरली बहीण किल्लारीच्या पलीकडं एका गावात दिलेली आहे. तिच्या शेताच्या बांधाला लागून एक जुना पाझर तलाव आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी मधोमध गोळा होतं आणि कडेची सगळी जागा बेशरमाच्या झुडपांनी आणि पाणगवतानं भरून जाते. तिथं कुणी मासे सोडत नाही, कुणी ठेका घेत नाही. तरी त्यात मरळी आहेत. कुठून आल्या ते कुणालाच माहीत नाही. अक्का म्हणते, त्या चिखलातच होत्या, पाणी साठलं तशा उठल्या.

मी नांदेडला रेल्वेत कारकून आहे. दिवसभर स्क्रीनपुढं बसायचं, संध्याकाळी ऑटोनं घरी यायचं, जेवून मोबाइल बघत पडायचं. असाच पडलेला असताना कुठल्यातरी दूर देशातल्या माणसाचा एक व्हिडिओ दिसला. तो रबराचा गांडूळ पाण्यात टाकत होता, मोठाले मासे धरत होता आणि धरून परत सोडत होता. सोडताना मासा क्षणभर त्याच्या हातात थांबायचा आणि मग शेपटी हलवून निघून जायचा. तो क्षण मी किती वेळा मागं नेऊन पाहिला, सांगता येणार नाही. लातूरकडच्या मुरुडजवळच्या आमच्या कोरडवाहू गावात मी वाढलो. विहिरीतल्या कासवाखेरीज पाण्यातलं दुसरं जनावर मी जवळून पाहिलेलं नव्हतं.

पुढच्या पगारावर रॉड मागवला, रीळ मागवलं, विणलेली बारीक दोरी मागवली आणि रबरी गांडुळांची चार पाकिटं. पार्सल उघडलं तेव्हा बायको म्हणाली, "शेतकऱ्याच्या पोटी जन्मून गांडूळ विकत घेतलेत?" मी एक पाकीट फोडलं. गांडूळ बोटभर लांब, जांभळा, हलवाल तसा वळवळणारा. त्याला मीठ लावलेलं होतं आणि चक्क बडीशेपेचा वास येत होता. गळ मात्र मी मुद्दाम सगळ्यांत लहान घेतले. लहान गळानं माशाला कमी दुखेल, हा माझा शहाणपणा.

दिवाळीच्या सुट्टीत ते सगळं घेऊन नांदेडहून लातूर आणि तिथून जीपनं अक्काकडं गेलो. अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा तिच्याच कडेवर मी मोठा झालो. ती माळकरी आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत तिनं माळ घातली आणि तेव्हापासून तिच्या घरात अंडंसुद्धा शिजलं नाही. मी रॉड जोडताना ती गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती.

"धरून काय करणार?"

"सोडणार."

"मग धरतो कशाला?"

मी रीळ घट्ट करत राहिलो. ती विळा घेऊन बांधाकडं गवत कापायला गेली, मी तलावावर गेलो.

पहिला तासभर काहीच झालं नाही. गांडूळ टाकायचा, हळूहळू ओढायचा, पुन्हा टाकायचा. मग ऑफिसातून रजेच्या अर्जाबद्दल फोन आला. मी रॉड एका दगडाला टेकवून ठेवला आणि पाठ फिरवून बोलत राहिलो. बोलणं लांबलं. फोन ठेवून वळलो तर ढिली पडलेली दोरी पाण्यावरून आपोआप आडवी सरकत होती, गवताच्या दिशेनं, अगदी सावकाश, कुणी घरी निघाल्यासारखी.

मी रॉड उचलून जोरात मागं ओढला. पलीकडून जडपणा आला, दोन हिसके आले आणि मग काहीच नाही. ओझं ओढत आणावं तसा मासा येत गेला. काठाच्या चिखलावर आला तेव्हा पाहिलं: हातभर लांब मरळ, पाठ काळी, कुशीवर पट्टे, डोकं सापासारखं चपटं. तिच्या तोंडात गांडूळ दिसत नव्हता. नुसती दोरी दिसत होती, आत जाणारी.

मी जबडा उघडायला गेलो तर तिचे दात बोटाला लागले. दोरी जराशी ओढली तर तिचं सगळं अंग ताणलं गेलं आणि तोंडातून रक्ताची बारीक धार आली. व्हिडिओतल्या माणसाच्या बाबतीत असं कधीच झालेलं नव्हतं. निदान त्यानं ते दाखवलं नव्हतं.

"अक्का!" मी ओरडलो. मी ज्या आवाजात ओरडलो तो माझा चाळिशीतला आवाज नव्हता.

ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. "काय करून राहिलास रे?"

"गळ आत गेला. पोटात गेला वाटतं."

"मग ओढू नको! ओढलास तर काळीज घिऊन येशील."

तिनं भारा टाकला. पदर कमरेला खोचला. मग गळ्यातली तुळशीची माळ उचलून मागं पाठीवर टाकली आणि पाण्यात जाऊन दोन्ही हात कोपरापर्यंत भिजवले. "जल्मात शिवले न्हाई मी ह्येला," ती म्हणाली, पण ते मला उद्देशून नव्हतं. गुडघे टेकून तिनं मरळीला डाव्या हातानं ओल्या गवतावर कुशीवर निजवलं. आश्चर्य म्हणजे मरळ शांत झाली.

"दोरी ढिली सोड. आनखी ढिली. त्या बांधावरचं कडब्याचं एक कांडं दे."

ते कांडं तिनं मरळीच्या जबड्यात आडवं बसवलं. तोंड उघडं राहिलं. ती आत वाकून बघत म्हणाली, "गेल्या साली खोंडाच्या नरड्यात कोय आडकली व्हती. तवा बी आसंच केलं. तोंडातनं दिसत न्हाई बघ, लई खाली हाय." मग तिनं मरळीच्या गालावरचं, कल्ल्यावरचं झाकण अंगठ्यानं अलगद उचललं.

मी आयुष्यात पहिल्यांदा माशाच्या आत पाहिलं. ओल्या लाल रेशमाच्या झालरी, एकीवर एक. त्यांच्यामागं, घशाच्या अगदी तोंडाशी, जांभळ्या रबराचं टोक आणि गळाची चमकणारी दांडी.

"ह्या लाल पदराला धक्का लावायचा न्हाई," अक्का म्हणाली. "ही दमाची जागा दिसती."

तिला हे कुणी सांगितलं होतं? मी विचारलंही नाही. तिनं करंगळीशेजारचं बोट त्या झालरींच्या मधल्या फटीतून आत घातलं, त्यांना न लागता, आणि गळाची दांडी बाजूला दाबली. दाबत राहिली. ओढलं नाही. ती गोठ्यात धार काढताना असते तितकीच सावकाश होती. एकाएकी गळ पालथा झाला. रुतलेलं टोक जसं आत गेलं होतं त्याच वाटेनं मागं आलं. आवाज नाही, हिसका नाही.

"आता तोंडातनं घे. हळू."

मी दोरी धरून उचलली आणि गांडूळ, गळ, सगळं बाहेर आलं. त्यावर रक्ताचा एक थेंब होता. अक्कानं जबड्यातलं कांडं काढलं. एवढा वेळ मरळ पाण्याबाहेर होती, तरी तिनं तोंड उघडून हवेचा एक घोट घेतला, 'गप्' असा आवाज करून. मरळ हवाही पिते, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, ती काहीतरी बोलली.

अक्कानं तिला दोन्ही हातांनी उचलून गुडघाभर पाण्यात नेलं. हात काढून घेतले. मरळ तळाशी सरळ उभी राहिली, आडवी झाली नाही. थोड्या वेळानं ती नव्हती.

"जगंल का?"

"दम घ्याया वर येती का बगू."

आम्ही काठावर बसलो. समोर पाणी, वर ऊन. गोठ्याकडून म्हशी रेकायला लागल्या होत्या, त्यांची वैरण इथं माझ्या शेजारी पडलेली होती, पण अक्का उठली नाही. बऱ्याच वेळानं बेशरमाच्या सावलीत पाण्यावर एक काळं टोक आलं, 'गप्' झालं, वलय उठलं. अक्कानं माझ्या मनगटावर हात ठेवला. पुन्हा तितकाच वेळ गेला आणि पुन्हा तिथंच वलय उठलं. तिसऱ्यांदा ते जरा लांब, खोल पाण्याकडं उठलं. ती तीच मरळ होती हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या तिन्ही वेळी माझ्या अंगावर काटा आला. इतका पुरता फसलेला, इतका आतून धरलेला जीव परत आपल्या पाण्यात श्वास घेत होता.

अक्कानं चिखलानं हात घासून धुतले, माळ पुढं घेतली आणि मग तो रबराचा गांडूळ उचलून नाकापाशी धरला.

"बडीशेप हाय की रे ही! आन् खारट बी दिसतंय. मऊ, खारट, वासाचं. आसलं तोंडात गेल्यावर कोन थुकंल? त्या बिचारीला कशानं कळावं हे खोटं हाय म्हून? तुलाच कळाया पायजे, तिच्याआधी."

तिनं नेमकं तेच सांगितलं, जे मला कळायला पुढं वर्ष लागलं. लाकडाचा किंवा पत्र्याचा खोटा मासा मरळ तोंडात घेते आणि टणक लागला की लगेच टाकते. रबर टाकत नाही. जितकी फसवणूक चांगली, तितका गळ खोल. म्हणजे घाई मासा करणार नाही, आपण करायची.

"ह्या काठावर पुन्हा आसं झालं तर ती काठी मी चुलीत घालीन," ती म्हणाली आणि भारा डोक्यावर घेऊन निघून गेली.

मला वाटलं होतं, ती पुन्हा तलावाकडं फिरकणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "चल, मला दाव कसं करतो ते." मी दोन-तीनदा गांडूळ टाकून दाखवला. तिनं पाहिलं आणि रॉड खाली ठेवायला सांगितला. मग गळ नसलेला गांडूळ दोरीला बांधायला लावला आणि त्याचं टोक मुठीत धरून ती बाभळीच्या पलीकडं वीस-पंचवीस पावलं चालत गेली. मला दिसू नये म्हणून बुंध्याआड बसली.

"आता मी मासळी," ती तिकडून ओरडली. "मी धरलं की सांग!"

मी पुन्हा रॉड धरून उभा. कानावर फक्त होले घुमत होते. थोड्या वेळानं दोरी हलल्यासारखं वाटलं. "धरलं!"

"चारदा धरून सोडलं की रे मी! झोपला का?"

पुन्हा. पुन्हा. दहातल्या आठ वेळा मी चुकलो. कधी वाऱ्याला मासा म्हणालो, कधी खऱ्या ओढीला वारा. शेवटी तिनं मला बुंध्याआड बसवलं आणि स्वतः दोरी घेतली. तिनं रॉड घेतलाच नाही, नुसती दोरी पहिल्या बोटावर घेतली. मी गांडूळ दोन बोटांत चिमटीत पकडला, इतका हलका की मलाच कळेना पकडला की नाही.

"धरलंस," ती म्हणाली.

मी सोडला. "सोडलंस." मूठ मिटली. "आता गिळलंस बग, हे येगळं हाय." मी थक्क झालो. बुंध्याआडून डोकं काढून पाहिलं तर ती समोर शेताकडं बघत होती, दोरीकडं नाही.

"तुला कसं कळतं?"

"तू दोरी लोंबती ठिवतो, मी ठिवत न्हाई. न्हाई तर ताठ वडून धरतो, मग समोरच्याला कळतं कुनीतरी हाय म्हून. वासरू नेताना कसं नेतो? दावं ढिलं बी नसतं आन् त्येच्या मानंला वढ बी नसती. तसं." आणि मग म्हणाली, "म्हस वैरन तोंडात घेती तवा दावं येगळं हलतं, खाली घालती तवा येगळं. तुला घिऊन बसले आस्ते गोठ्यात तर लहानपनीच कळलं आसतं. तू पुस्तकात व्हतास."

त्या चार दिवसांत आम्ही हा खेळ कितीदा खेळलो. वाटेनं जाणारे लोक बघून हसायचे: पन्नाशी ओलांडलेली बाई झाडामागं दोरी धरून बसलेली आणि तिचा रेल्वेतला भाऊ उन्हात उभा राहून "धरलं, सोडलं" ओरडतोय. चौथ्या दिवशी दहातले सात मला कळले. माझ्या बोटात असं काही होतं याची मला चाळीस वर्षं खबर नव्हती.

नांदेडला परत आलो आणि लहान गळ सगळे काढून टाकले. तोवर कळलं होतं, की लहान गळ घशातून सहज खाली उतरतो, मोठा तोंडातच कुठंतरी अडतो. पुढच्या खेपेला दाजींच्या पक्कडीनं प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. दाजी साखर कारखान्यात आहेत, सीझन चालू होता, ते रात्रपाळी करून आले होते. जांभया देत म्हणाले, "काटा मोडला तर मासा निसटंल की."

"निसटू द्या," अक्का आतून म्हणाली.

आणि निसटलेच. किती निसटले! आता फोन घरी अक्काच्या ट्रंकेवर ठेवून जायचो. दोरी बोटावर घ्यायचो. मरळ गांडूळ तोंडात घेते तेव्हा दोरीतून 'टक्' असं काहीतरी येतं, दार लांबून कुणी एका बोटानं वाजवावं इतकंच. आधी मला वाटायचं, थांबावं, तिला नीट घेऊ द्यावं. आता 'टक्' झालं की उरलेली ढील गुंडाळायची आणि लगेच रॉड मागं घ्यायचा, मनात एक म्हणायच्याही आत. बहुतेक वेळा गांडूळ रिकामा परत यायचा. कधी शेपूट तुटलेला, कधी दातांच्या खुणा उमटलेला. संक्रांतीला गेलो तेव्हा दोन दिवसांत एकही हाती आली नाही. मला वाईट वाटत होतं आणि अक्का माझ्यावर खूश होती.

पहिली नीट मरळ होळीच्या सुमाराला मिळाली. 'टक्' आलं, मी ओढलं आणि पाणी फुटलं. काय जोर! आदल्या दिवाळीची मरळ ओझ्यासारखी आली होती, ही मात्र रॉड वाकवत, गवत कापत, उड्या घेत आली. घशात गळ गेलेली झुंजतच नव्हती, आतून धरलेलं जनावर काय झुंजणार. काठाशी आली तेव्हा गांडूळ तिच्या वरच्या ओठाच्या कोपऱ्यात बाहेर लोंबत होता, नथीसारखा. मी हात लावायला वाकलो, दोरी जरा ढिली झाली आणि सपाट केलेला गळ आपोआप निसटला. तिला मी शिवलोसुद्धा नाही. ती क्षणभर माझ्या पायांमध्ये उथळ पाण्यात होती, कल्ले उघडत-मिटत, डोळा माझ्याकडं. मग माझ्या घोट्याला घासून गेली.

मी काठावर खाली बसलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. संध्याकाळी अक्काला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "रगत?" म्हटलं, एक थेंब नाही. तिनं दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकली आणि वर दह्याचा मोठा गोळा.

पुढं श्रावणात जे झालं ते सांगताना मला अजून शरम वाटते, आणि शरमेहून जास्त काहीतरी वाटतं.

तलाव भरलेला होता. सकाळी आम्ही दोघं काठानं चाललो होतो. अक्का मला नवी घातलेली तूर दाखवत होती. बेशरमाजवळ पाण्यावर एक शेंदरी डाग दिसला, परातीएवढा. जवळ गेलो तर तो डाग हलत होता. मरळीची पिल्लं होती ती, नखाएवढी, लालबुंद, शेकडोंनी, एकमेकांना चिकटून. सगळी मिळून वर यायची, हवा घ्यायची, पाणी उकळल्यासारखं दिसायचं आणि पुन्हा खाली. त्यांच्याखाली, थोडं खोल, एक लांब काळी सावली होती. पिल्लं सरकली की सावली सरकायची.

व्हिडिओत मी पाहिलं होतं: अशी पिल्लं दिसली की त्यांच्या मधोमध टाका, राखणारी मरळ हमखास धरते. भुकेनं नव्हे, रागानं. माझ्या हातात रॉड होता. अक्का पुढं गेलेली होती. मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. मी टाकला.

गांडूळ पाण्याला टेकतोय तोच ती सावली वर आली. 'टक्' नव्हतंच, धक्काच होता. मी ओढलं आणि ती लागली. आजवरची सगळ्यांत मोठी. अक्का आवाज ऐकून धावत परत आली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नाही, पिल्लांकडं पाहिलं.

"बापू, काय केलंस रे!"

मीही पाहिलं. शेंदरी गोळा फुटला होता. पिल्लं दाही दिशांना पांगत होती आणि गवतातून बोटाएवढे चंदेरी मासे त्यांच्यात घुसत होते. पाण्यावर जागोजागी बारीक ठिपके फुटत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पिल्लू कमी. वरून एक खंड्या सूर मारून गेला. आणि त्यांची राखण करणारी माझ्या दोरीच्या टोकाला होती.

"सोड! सोड लवकर!" अक्का ओरडत होती. तिनं हातातला विळा फेकून दिला आणि टाळ्या वाजवत, पाणी उडवत त्या चंदेरी माशांना हुसकायला मांडीभर पाण्यात गेली, लुगड्यासकट.

मी मरळीला जमेल तितक्या लवकर आणलं. मनात एकच: आत गेला नसू दे, आत गेला नसू दे. तोंड दिसलं. गळ खालच्या ओठात होता, टोकाला. मी तिला पाण्याबाहेरही काढलं नाही. दोन बोटांनी गळाची दांडी धरली, उलटी केली आणि तो आला, लोण्यातून आल्यासारखा. सगळं मिळून दोन श्वासांइतका वेळ.

कुठलाही मासा सुटल्यावर खोल पाण्याकडं पळतो. ही पळाली नाही. ती जागच्या जागी वळली आणि सरळ, बाणासारखी, अक्काच्या पायांशेजारून पिल्लांकडं गेली. ज्या माणसाच्या हातून आत्ता सुटली त्याच्या समोरून. पाणी एकदा मोठ्यानं फुटलं आणि चंदेरी मासे नाहीसे झाले. मग काळी सावली गोल फिरायला लागली, एक फेरा, दुसरा, तिसरा. आणि काय सांगू, ते शेंदरी ठिपके परत यायला लागले. गवतातून, चिखलाजवळून, एकेक, दोन-दोन. कुणी हाक मारल्यासारखे. थोड्या वेळात पाण्यावर पुन्हा लाल गोळा होता, आधीपेक्षा लहान, ताटलीएवढा, पण होता.

अक्का पाण्यात तशीच उभी होती. गोळा तिच्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि त्याच्याखालून ती. अक्कानं हात जोडले. देवळात जोडते तसे नव्हे, कुणी वयानं मोठी बाई समोरून आली की आपोआप जुळतात तसे.

मी तिथंच दोरी कापून गांडूळ खिशात टाकला. मला अक्का रागावेल असं वाटलं होतं. ती पाण्यातून बाहेर आली, लुगडं पिळलं, फेकलेला विळा शोधून उचलला. मग म्हणाली, "घशात गेला आस्ता तर?"

"तर ती परत गेली नसती."

"हाव," ती मान डोलावून म्हणाली. एवढंच.

त्यानंतर पिल्लं दिसली की मी रॉड घेऊन घरी परत येतो. कधीकधी रॉड ठेवून पुन्हा तलावावर जातो आणि नुसता बघत बसतो.

गेल्या जूनमध्ये भाचीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी अक्का नांदेडला आली, आठ दिवस राहिली. तिला गुरुद्वारा दाखवला, बाजार दाखवला. एका संध्याकाळी गोदावरीवर नेलं. घाटाच्या वरच्या अंगाला, गर्दी संपते तिथं एक खडक आहे, मी रविवारी तिथं बसतो. नदीचं पाणी तिनं आधी डोळ्यांना लावलं. मग पदर सावरून बसत म्हणाली, "आन ती दोरी हिकडं."

"तू धरणार?" मला खरं वाटेना.

"गळ काढ आधी."

मी गळ काढला. नुसता रबराचा गांडूळ बांधला, बुडावा म्हणून एक छोटं शिसं लावलं आणि लांब टाकून दोरी तिच्या हातात दिली. तिनं ती पहिल्या बोटावर घेतली. सूर्य पुलाकडं उतरत होता, पाणी तांबूस झालं होतं. बायको आणि भाची मागं भेळ खात बसल्या होत्या. अक्का समोर बघत होती, कशाकडंच नाही.

"आलं," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या बोटाकडं पाहिलं. दोरीत मला काहीच दिसत नव्हतं.

"तोंडात घेतलं त्येनं." तिचा आवाज अगदी खाली आला. "चघळून राह्यलंय... आजून हाय... सरकलं... आजून हाय. बापू, सोडीतच न्हाई रे!"

मी मनात मोजायला लागलो आणि मोजायचं विसरलो. कुठला मासा होता, शिवडा, मरळ की आणखी काही, किती मोठा, काहीच कळायला मार्ग नव्हता. त्या एवढ्या मोठ्या गढूळ पाण्याखाली कुठंतरी कुणीतरी एक गोष्ट तोंडात धरून चाललं होतं आणि ते सगळं माझ्या बहिणीच्या भेगा पडलेल्या बोटावर येत होतं. तिनं दुसऱ्या हातानं माझा हात ओढला, माझं बोट दोरीवर ठेवलं. आणि मग मलाही लागलं. अगदी बारीक, अगदी जिवंत.

"आता गिळंल," ती पुटपुटली, आणि दोरीला बोटानं एकदाच हलका झटका दिला. क्षणभर ओढ वाढली. मग दोरी एकदम हलकी झाली.

"गेलं," अक्का म्हणाली आणि मोठ्यानं हसली, इतक्या मोठ्यानं की मागून भाचीनं विचारलं, काय झालं म्हणून. अक्का दोरी हातावर गुंडाळत होती. गांडूळ वर आला तो निम्मा उरलेला, ओला, चावलेला. तिनं तो मावळतीच्या उजेडात धरून सगळीकडून नीट पाहिला आणि मला म्हणाली, "आनखी एकदा टाक."